अंगण खरंच वाकडं होतं : डबा मॉनिटरपासून गेमिंग मॉनिटरपर्यंत

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघा-तिघांनी मला विचारलं, "सर, इतिहासाच्या व्याख्यानमालेत गेमिंगचा मॉनिटर कुठून आला?" प्रश्न रास्त आहे. नळदुर्गचा किल्ला, तेरचं उत्खनन, हैदराबाद मुक्तिसंग्राम हे आपले नेहमीचे विषय. पण ज्या वस्तूसमोर आपली लेकरं रोज चार-चार तास बसतात, तिलाही इतिहास असतो. तो माहीत नसला की दुकानात गेल्यावर आपण डब्यावरचे आकडे वाचतो, त्यातलं काही कळत नाही आणि दुकानदार देईल ते घेऊन येतो. म्हणून आज इतिहासही सांगणार आहे आणि त्यातूनच मॉनिटर कसा निवडायचा तेही सांगणार आहे.

सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो.

२००२ नंतर महाराष्ट्रात एमएस-सीआयटीची लाट आली, हे तुम्हाला आठवत असेल. तालुक्या-तालुक्याला कॉम्प्युटरचे वर्ग निघाले. उमरग्याकडच्या अशाच एका वर्गात मी शिकवत होतो. दहा मशीन, सगळ्यांना १५ इंची काचेच्या नळीचे मॉनिटर. आपण त्याला आता 'डबा' म्हणतो. पुढे चार-पाच वर्षांनी मालकांनी आठ डबे काढून सपाट पडदे आणले. तेव्हा सगळे त्याला 'टीएफटी' म्हणायचे. वर्गाचं रूपच पालटलं. पालक आत आले की आधी ते पडदे बघायचे.

संध्याकाळी वर्ग संपला की पोरं आपसात मशीन जोडून काउंटर-स्ट्राइक खेळायची. थोडा वेळ मी खेळू द्यायचो. माझ्या लक्षात आलं की नव्या पडद्यांसमोर कुणी बसायला तयार नसतं. कोपऱ्यात उरलेल्या दोन जुन्या डब्यांवर मात्र भांडणं चालायची. एका पोराला मी विचारलं, तर तो म्हणाला, "सर, त्या नव्या पडद्यावर माणूस उशिरा दिसतो. आन् पळाला की पुसल्यासारखा होतो." मी सगळ्यांसमोर हसलो आणि म्हणालो, "नाचता येईना, अंगण वाकडं!" पोरं खो-खो हसली. तो मुलगा दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळचा यायचा बंद झाला.

मंडळी, अंगण खरंच वाकडं होतं. त्या मुलाचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर होतं आणि भौतिकशास्त्राची पदवी घेतलेला मी चूक होतो. हे मला कळायला सात-आठ वर्षं लागली. आजचं व्याख्यान म्हणजे एका अर्थी त्या मुलाला दिलेलं उशिराचं उत्तर आहे.

पडदा आपल्याकडे कसा आला

आपल्या भागात पडदा उशिरा आला. दिल्लीला दूरदर्शनचं प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ ला सुरू झालं. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला निघालं. मराठवाड्याच्या खेड्यात तेव्हा रेडिओ हीच चैन होती.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात भारताने एक जगावेगळा प्रयोग केला. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वापरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत थेट टीव्ही दाखवला. त्याचं नाव 'साइट'. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. कर्नाटक होता, आणि कर्नाटकातल्या ज्या जिल्ह्यांत हा प्रयोग झाला त्यांत गुलबर्गा होता. म्हणजे आपल्या उमरगा तालुक्याच्या शिवेपलीकडचा जिल्हा! तिथल्या निवडलेल्या गावांत जाळीची मोठी छत्री, सार्वजनिक ठिकाणी ठेवलेला एक संच आणि समोर अख्खं गाव. सीमेच्या अलीकडे आपल्याकडे अंधार.

ऑगस्ट १९८२ मध्ये दोन गोष्टी घडल्या. लातूर आपल्या जिल्ह्यातून वेगळा झाला, आणि १५ ऑगस्टला देशात रंगीत प्रक्षेपण सुरू झालं. त्यानंतर दोन-तीन वर्षांत देशभर छोट्या प्रक्षेपकांचं जाळं पसरलं. जानेवारी १९८७ मध्ये 'रामायण' सुरू झालं तेव्हा रविवारी सकाळी गावातले रस्ते ओस पडायचे, हे इथल्या पन्नाशीच्या पुढच्या सगळ्यांनी पाहिलंय.

ते सगळे पडदे एकाच जातीचे होते. कॅथोड रे ट्यूब, म्हणजे आपली 'पिक्चर ट्यूब'. जर्मनीच्या कार्ल फर्डिनांड ब्राऊन यांनी १८९७ मध्ये तिचं मूळ रूप बनवलं. आतमध्ये निर्वात पोकळी, मागे इलेक्ट्रॉनची बंदूक, पुढे काचेला आतून लावलेला फॉस्फरचा लेप. इलेक्ट्रॉनचा झोत एका वेळी एकाच ठिपक्यावर पडतो. तो ठिपका चमकतो आणि लगेच विझतो. झोत डावीकडून उजवीकडे, वरून खाली, ओळीमागून ओळ पळत राहतो. आपल्याला अख्खं चित्र दिसतं ते डोळ्याच्या भ्रमामुळे. खरं तर कुठल्याही क्षणी पडद्याचा अगदी थोडा भागच पेटलेला असतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावर सगळं उभं आहे.

प्लास्टिकची बंदूक

१९९० च्या दशकात जत्रेत किंवा सोलापूरच्या बाजारात 'टीव्ही गेम' मिळायचा. जपानी खेळयंत्राची ती स्वस्त नक्कल. मारिओ, कॉन्ट्रा, आणि बदकं मारायचा खेळ. त्याच्याबरोबर प्लास्टिकची बंदूक यायची. टीव्हीवर नेम धरायचा, घोडा ओढायचा, बदक खाली.

हीच बंदूक आजच्या सपाट टीव्हीला जोडून बघा. एकही बदक मरत नाही. बंदूक चांगली, खेळ चांगला, टीव्ही तर महागाचा. मग बिघडलं काय?

त्या बंदुकीतून काहीच बाहेर पडत नाही. उलट तिच्या नळीत एक प्रकाश ओळखणारा डोळा आहे. घोडा ओढला की खेळ क्षणभर अख्खा पडदा काळा करतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो. त्या क्षणी बंदुकीच्या डोळ्याला उजेड दिसला तर नेम लागला. यासाठी दोन गोष्टी लागतात. एक, यंत्राने चित्र पाठवल्याबरोबर ते पडद्यावर उमटलं पाहिजे. दोन, उजेड पिक्चर ट्यूबच्या पद्धतीने, ओळीच्या वेगाने थरथरणारा असला पाहिजे. बंदुकीचं सर्किट त्या थरथरीलाच ओळखतं, म्हणजे घरातल्या बल्बने ती फसू नये. सपाट पडद्यात या दोन्ही गोष्टी नाहीत. चित्र आधी आत साठवलं जातं, त्याच्यावर प्रक्रिया होते, मग दिसतं. तोवर बंदूक 'नेम चुकला' म्हणून मोकळी झालेली असते.

म्हणजे माझ्या वर्गातला पोरगा जे तोंडाने सांगत होता, तेच ही वीस-पंचवीस रुपयांच्या सर्किटची बंदूक सांगते : "माणूस उशिरा दिसतो." दोघांपैकी कुणालाही नाचता येत नव्हतं असं नाही.

सपाट पडद्याचा जन्म

आता सपाट पडद्याकडे वळू. १८८८ मध्ये प्राग शहरात फ्रिड्रिश रायनिट्झर हे वनस्पतिशास्त्रज्ञ कोलेस्टेरॉलच्या एका संयुगाचा अभ्यास करत होते. त्यांना दिसलं की हा पदार्थ दोनदा वितळतो. एका तापमानाला गढूळ द्रव होतो आणि आणखी तापवल्यावर स्वच्छ होतो. तो मधला गढूळ द्रव म्हणजे द्रवस्फटिक, लिक्विड क्रिस्टल. वाहतो पाण्यासारखा, पण त्याचे रेणू स्फटिकासारखे एका दिशेला तोंड करून असतात.

त्यानंतर ऐंशी वर्षं ही प्रयोगशाळेतली गंमतच राहिली. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या आरसीए कंपनीत जॉर्ज हाइलमायर यांच्या गटाने द्रवस्फटिकाचा पडदा जगाला दाखवला. १९७० च्या डिसेंबरमध्ये स्वित्झर्लंडमध्ये शाड्ट आणि हेल्फ्रिश यांनी पीळ दिलेल्या रचनेचं पेटंट मागितलं. यालाच 'टीएन' म्हणतात. तिथून कॅल्क्युलेटर आणि मनगटी घड्याळं आली. १९८८ मध्ये शार्पने १४ इंची रंगीत टीएफटी पडदा दाखवला आणि भिंतीवर टांगायचा टीव्ही ही कल्पना स्वप्नातून कारखान्यात आली.

यात आपल्या देशाचा एक वाटा आहे, तो फार कमी लोकांना माहीत असतो. सर सी. व्ही. रामन यांचे भाचे एस. चंद्रशेखर यांनी बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत सदाशिव आणि सुरेश या सहकाऱ्यांसह १९७७ मध्ये थाळीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधले. तोवर सगळ्यांना वाटायचं की रेणू काडीसारखेच लागतात. पुढे जपानमध्ये याच थाळीसारख्या रेणूंची एक पातळ फिल्म तयार झाली. टीएन पडदा बाजूने पाहिला की रंग उलटे-पालटे होतात, हा दोष ती फिल्म कमी करते. म्हणजे जगभरच्या स्वस्त मॉनिटरांच्या काचेवर बंगळुरूतल्या शोधाचा एक थर बसला.

द्रवस्फटिक स्वतः उजेड देत नाही. मागे दिवा सतत जळत असतो. प्रत्येक ठिपक्यापुढे द्रवस्फटिकाची एक झडप असते. वीज दिली की रेणू वळतात आणि झडप कमी-जास्त उघडते. रेणू वळायला वेळ लागतो. दिवा मात्र विझत नाही. सगळी भानगड या दोन वाक्यांत आहे.

मग डबा हरला कसा?

डबा जर इतका चपळ होता, तर तो गेला का? चित्र वाईट होतं म्हणून नाही गेला. तो गेला वजन, जागा आणि वीज यांच्यामुळे.

आमच्या मालकांचा हिशेब सांगतो. त्या काळात भारनियमन किती होतं ते तुम्ही भोगलंय. १५ इंची डब्याला सत्तर-ऐंशी वॅट लागायचे, तेवढ्याच टीएफटीला पंचवीस-तीस. लाइट गेली की डब्याचा यूपीएस पाच-दहा मिनिटांत शिट्ट्या मारायचा, नव्या पडद्याबरोबर तोच यूपीएस मुलाचा धडा पूर्ण होईपर्यंत टिकायचा. उन्हाळ्यात दहा डबे म्हणजे खोलीत दहा शेगड्या. मालकांचा निर्णय चुकीचा नव्हता. वर्गासाठी तो बरोबरच होता. खेळासाठी नव्हता. एकच वस्तू एका कामाला चांगली आणि दुसऱ्याला वाईट असू शकते, हे मला तेव्हा सुचलं नाही.

या उलथापालथीचा फटका आपल्या मराठवाड्याला चांगलाच बसला. औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, तिथे धूत कुटुंबाच्या व्हिडिओकॉनने १९८० च्या दशकात तोशिबाच्या तांत्रिक साहाय्याने टीव्ही बनवायला सुरुवात केली. पैठण रस्त्यावरच्या चितेगावच्या कारखान्याने मराठवाड्यातल्या कितीतरी घरांना रोजगार दिला. २००५ मध्ये याच कंपनीने फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला. इटली, पोलंड, मेक्सिको, चीन इथले कारखाने मराठवाड्यातल्या कंपनीचे झाले. आपली छाती फुगली होती. पण २००७ च्या शेवटच्या तिमाहीत जगात पहिल्यांदा ट्यूबच्या टीव्हीपेक्षा एलसीडी टीव्ही जास्त गेले. जी नळी विकत घेतली तिचंच युग दोन वर्षांत मावळलं. पुढे २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्याला तेल, टेलिफोन अशी आणखी कारणं होती, सगळं पिक्चर ट्यूबवर ढकलता येणार नाही. पण तंत्रज्ञान कोणत्या वळणावर आहे हे न ओळखण्याची किंमत केवढी असते, याचं उदाहरण शोधायला आपल्याला लांब जायची गरज नाही.

आणि जुन्या डब्यांचं काय झालं? भंगारवाल्याने नेले. आतली तांब्याची वेटोळी काढायला काच फोडली. त्या काचेच्या मागच्या भागात शिसं असतं. ई-कचऱ्याचे नियम देशात लागू झाले १ मे २०१२ ला. तोपर्यंत आमचे आठ डबे कुठल्या तरी ओढ्याकाठी फुटले असणार. त्याची खंत मला आहे.

हरवलेलं परत मिळवण्याची वीस वर्षं

आता मूळ मुद्दा. गेमिंग मॉनिटर नावाची जी वस्तू आज बाजारात आहे, ती म्हणजे डब्याबरोबर गेलेली चपळाई परत मिळवण्याचा प्रयत्न आहे. डब्यावरचा प्रत्येक आकडा याच प्रयत्नाची एक पायरी आहे.

पहिला आकडा हर्ट्झ. पडदा सेकंदाला किती वेळा नवं चित्र दाखवतो ते. साध्या पडद्यावर ६०. आमचे जुने डबे ८५ वर चालायचे! म्हणजे टीएफटी आणून आम्ही ८५ वरून ६० वर उतरलो होतो आणि प्रगती झाली म्हणत होतो.

एक हिशेब करू. समजा पडद्यावर १९२० ठिपके आहेत आणि एक माणूस एका सेकंदात या टोकाकडून त्या टोकाला पळतो. तुमचा डोळा त्याच्यामागे सलग फिरतो. पण ६० हर्ट्झचा एलसीडी प्रत्येक चित्र पुढचं येईपर्यंत तसंच धरून ठेवतो, सेकंदाचा साठावा भाग. तेवढ्यात डोळा १९२० भागिले ६०, म्हणजे ३२ ठिपके पुढे गेलेला असतो. म्हणून माणूस ३२ ठिपके पुसटतो. १४४ हर्ट्झला हाच पुसटपणा १३ ठिपके. २४० ला ८. आणि डब्यात? ठिपका साधारण हजाराव्या भागात चमकून विझायचा, म्हणून जेमतेम दोन. "पळाला की पुसल्यासारखा होतो" याचं गणित हे असं आहे. रेणू कितीही चपळ वळले तरी दिवा सतत जळतोय तोवर हा पुसटपणा राहतोच.

१२० हर्ट्झचे एलसीडी मॉनिटर २००९ च्या सुमारास आले, तेही गंमतीनेच. कंपन्यांना विकायचा होता चष्मा घालून बघायचा थ्रीडी. दोन डोळ्यांना आळीपाळीने ६०-६० चित्रं द्यायची म्हणून १२० लागले. लोकांनी चष्मा बाजूला ठेवला आणि १२० ठेवून घेतले. थ्रीडीचं खूळ गेलं, हर्ट्झ राहिले.

दुसरी अडचण मेळाची. ग्राफिक्स कार्ड कधी ५० चित्रं बनवतं, कधी ९०. पडदा मात्र आपल्या ठरलेल्या ठेक्यावर. मृदंग एका लयीत आणि टाळ दुसऱ्या लयीत, असं झालं की भजन फाटतं. तसं इथे चित्र मधोमध फाटतं. २०१३ मध्ये एनव्हिडियाने जी-सिंक जाहीर केलं. पडदाच कार्डाच्या ठेक्यावर चालू लागला. पण त्यासाठी मॉनिटरमध्ये वेगळा भाग बसवावा लागे आणि किंमत चढे. २०१४ मध्ये व्हेसा या संस्थेने असाच खुला मार्ग मानकात घेतला. त्यावर एएमडीचं फ्रीसिंक उभं राहिलं, आणि जानेवारी २०१९ मध्ये एनव्हिडियानेही खुल्या मार्गाच्या पडद्यांना आपल्या कार्डांचं दार उघडलं. आज स्वस्त गेमिंग मॉनिटरमध्येही ही सोय असते ती त्यामुळे. त्याच १ जानेवारीपासून ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला.

तिसरी गोष्ट पॅनलची जात. टीएन सर्वांत जुनी, चपळ, स्वस्त, पण बाजूने पाहिलं की रंग विटतात. १९९६ मध्ये हिताचीने आयपीएस बाजारात आणलं. त्यात रेणू काचेला समांतर राहून वळतात, म्हणून कुठूनही पाहा, रंग तोच. काळा रंग मात्र थोडा राखाडी दिसतो. तिसरी व्हीए. तिचा काळा चांगला, पण अंधाऱ्या दृश्यात रेणू सावकाश वळतात आणि मागे सावलीची शेपटी राहते. आणि आता ओएलईडी. १९८७ मध्ये कोडॅक कंपनीत टांग आणि व्हॅन स्लाइक यांनी त्याचा पाया घातला. यात मागचा दिवाच नाही. प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो. म्हणजे फिरून आपण पिक्चर ट्यूबच्या तत्त्वाजवळ आलो. किंमत मात्र अजून आपल्या आवाक्याबाहेर, आणि एकच चिन्ह तासन्‌तास एका जागी राहिलं तर त्याचा ठसा उमटण्याची भीती.

मग घ्यायचा कोणता?

एखाद्या बापाला लेकराने मॉनिटर मागितला, तर तो खर्च केवढा असतो? चांगला २४ इंची गेमिंग मॉनिटर साधारण दहा ते पंधरा हजारांत येतो. बारा हजार धरा. २०२४-२५ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. म्हणजे एक मॉनिटर अडीच क्विंटल सोयाबीन, तोही हमीभाव मिळाला तर. म्हणून हे पैसे विचार करून घातले पाहिजेत.

आधी मशीन बघा, मग मॉनिटर. कार्ड सेकंदाला ६० चित्रंच बनवत असेल तर १४४ चा पडदा म्हणजे बैल एक आणि जू दोघांचं. तेव्हा आधी कार्ड किंवा रॅम.

गोळीबाराचे, शर्यतीचे खेळ असतील तर १४४ ते १८० हर्ट्झ पुरे. ६० वरून १४४ ला गेलात की एका चित्राचा वेळ १६.७ मिलिसेकंदांवरून ६.९ वर येतो, जवळजवळ दहाची बचत. १४४ वरून २४० ला गेलात तर ६.९ वरून ४.२, म्हणजे तीनाचीही नाही. पैसे मात्र पहिल्यापेक्षा जास्त. क्रिकेट आणि गोष्टीचे खेळ असतील तर हर्ट्झपेक्षा रंगाकडे बघा.

२४ इंचाला १९२० बाय १०८० ठीक. २७ इंच घ्यायचा तर २५६० बाय १४४० घ्या, नाहीतर ठिपके मोजता येतात. डबा कुठल्याही रिझोल्यूशनला सारखाच दिसायचा, सपाट पडद्याचं एकच मूळ माप असतं. त्याहून कमीवर चालवला की अक्षरं भुरकट होतात.

आपल्याकडे खोलीत दिवसभर उजेड असतो आणि एकाच पडद्यावर अभ्यास, सिनेमा, खेळ सगळं चालतं. अशा घराला मी आयपीएस सांगतो. रात्री अंधारातच खेळणाऱ्याने व्हीएचा विचार करावा.

डब्यावरच्या '१ एमएस'ला फसू नका. काही कंपन्या रेणू वळण्याचा वेळ लिहितात, काही दिवा लुकलुकवून मिळवलेला वेळ लिहितात. दोन्ही निराळे. आणि पडद्याच्या मेनूत 'ओव्हरड्राइव्ह' टोकाला नेलं की चित्रामागे उलटी, उजळ शेपटी दिसते. मधल्या खुणेवर ठेवा.

शेवटचं, दुकानातून उठायच्या आधी. सोलापूर असो, लातूर असो की हैदराबाद, तिथेच डबा उघडून लावून बघा. अख्खा पांढरा, अख्खा काळा पडदा करा आणि मेलेले ठिपके शोधा. यंत्रमानकांत काही ठिपके खराब असणं 'चालण्यासारखं' धरलेलं असतं, तेव्हा कंपनी किती ठिपक्यांवर बदलून देते ते आधी विचारा. सर्व्हिस सेंटर सोलापुरात आहे की पुण्यात तेही विचारा. तीन वर्षांची वॉरंटी असूनही एका खेपेचं भाडं आणि बुडालेला दिवस आपलाच असतो.

प्रश्नोत्तरांतून

एका विद्यार्थ्याने विचारलं : "सर, मी १६५ हर्ट्झचा घेतला, पण मला काहीच फरक वाटत नाही."

घरी जा, विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट बघ. बहुतेक तिथे ६० च असेल. मॉनिटर बदलला तरी ते आपोआप वाढेलच असं नाही. आणि वायर जुनी वापरली असशील तर डब्यात आलेली वापर. माझ्या ओळखीच्या एका घरात दोन वर्षं असाच चालला होता!

एका आजोबांनी विचारलं : "गुरुजी, हे सगळं खरं, पर लेकरानं खेळावं का अभ्यास करावा?"

आजोबा, ते मी ठरवणार नाही. किती वेळ खेळायचं ते घरात बसून बोला. फक्त एक विनंती करतो. लेकरू म्हणालं, "हे नीट दिसत नाही," तर हसू नका. त्याला विचारा, काय दिसतं, कसं दिसतं. ते जे बघतंय ते आपल्या डोळ्यांना दिसत नसेल. मी विचारलं असतं, तर त्या संध्याकाळी दोन्ही मॉनिटर शेजारी ठेवून आम्ही सगळ्यांनी मिळून एक सुंदर प्रयोग केला असता. भौतिकशास्त्राचा तास झाला असता तो.

तो मुलगा आता कुठे असतो, मला ठाऊक नाही. हे शब्दांकन त्याच्या वाचनात आलं तर त्याने इतकंच समजावं की सरांना कळलं.